उगवतीला घ्या, मावळतीला घ्या

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. येडशीच्या अलीकडच्या माळावर उभं राहून मी दीड-दोन मिनिटं एक घार उडवली.

उडवली म्हणजे अगदी रीतसर उडवली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला रिमोट, दोन्ही अंगठे रिमोटच्या दोन दांड्यांवर. मी डावीकडं घेतली की ती डावीकडं वळायची, नाक वर केलं की वर चढायची. इतकं मऊ वळण माझ्या कुठल्याच विमानानं आजवर घेतलं नव्हतं. मनात म्हटलं, चला, अठरा वर्षांनी का होईना, हात बसला. मधेच तिनं दोनदा पंख हलवले, तेही मला दिसलं. रिमोटचं विमान पंख हलवत नाही, एवढं ज्ञान मला होतं. पण माणूस स्वतःवर खूश झाला की असल्या बारीकसारीक गोष्टी मनावर घेत नाही.

त्या माळावर बाभळीखाली एक मेंढरंवाला म्हातारा बसलेला असायचा. आमची ओळख जुनी. कुठलं मेंढरू कुठं गेलंय हे कोसभरावरून ओळखणारी त्याची नजर, त्यामुळं माझी पडलेली विमानं शोधायचं काम आपोआपच त्याच्याकडं गेलं होतं. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला सायेब. तो उठला, काठी टेकत माझ्याजवळ आला, थोडा वेळ माझ्या अंगठ्यांकडं आणि थोडा वेळ आभाळाकडं बघत उभा राहिला.

“सायेब, ती घार हाय,” तो म्हणाला. “तुमचं इमान मगाच तुरीत गेलं.”

ही गोष्ट मी नंतर लई ठिकाणी रंगवून सांगितली. कॉलेजात सांगितली, साडूच्या वास्तुशांतीला पंगतीत सांगितली, लेकीला पुण्याला फोन करून सांगितली. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. सांगताना एक गोष्ट मात्र दर वेळी गाळली. विमान तुरीत गेलं तेव्हा ते माझ्यापासून फार तर दीडशे पावलांवर होतं, आणि मी त्याच्याकडंच बघत होतो.

मी धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. पोरांच्या हातात भिंगं द्यायची, प्रयोग झाला की मोजून परत घ्यायची, फुटलेल्या परीक्षानळ्यांची नोंद करायची, हे माझं काम. या नोकरीत वर जायला जिना नाही. लागलो त्याच खुर्चीवर आहे, खुर्ची तेवढी दोनदा बदलली. विमानात मी कधी बसलेलो नाही. म्हणून असेल, पस्तिशी उलटल्यावर एका विज्ञान प्रदर्शनात कुणीतरी आणलेलं रिमोटचं विमान बघितलं आणि खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. माझ्या हातून वर गेलेली अशी तेवढी एकच गोष्ट.

वर गेली म्हणजे खाली आलीच. या छंदात माणूस उडवतो सहा मिनिटं आणि जोडत बसतो सहा आठवडे. बॅटरी सहा मिनिटांचीच असते. उदबत्तीच्या काड्या, सायकलचे स्पोक, दुधाच्या पिशव्यांची रबरं, जुन्या छत्रीच्या काड्या, असलं सगळं आमच्या घरात माझ्या नावानं वेगळं निघतं. आणि सनपॅक. सनपॅक म्हणजे चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे बोर्ड लागतात, त्यातला प्लॅस्टिकचा पोकळ पत्रा. वाढदिवस उलटला की तो कुणाचाच नसतो. हलका, चिवट, पावसानं न भिजणारा. आमच्या जिल्ह्यात बाकी कशाचाही तुटवडा पडेल, सनपॅकचा पडणार नाही. त्यामुळं माझ्या विमानांच्या पंखांवर कधी कुणाचा गॉगल असायचा, कधी नुसत्या मिशा, कधी ‘हार्दिक’ एवढाच शब्द. एका विमानाच्या पोटाला जोडलेले दोन हात आले होते. ते डोक्यावरून गेलं की खालच्या माणसाला नमस्कार व्हायचा. मामा दर वेळी खालून उलटा नमस्कार करायचा.

न उडवणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमान आपल्यापासून लांब जात असलं की रिमोटवरचं उजवं ते उजवं. पण ते वळून आपल्याकडं यायला लागलं की सगळं उलटं होतं. तुम्ही उजवीकडं दाबता आणि ते तुमच्या डावीकडं जातं. म्हणजे विमान नुसतं दिसून भागत नाही, त्याचं तोंड कुठं आहे हे दिसावं लागतं. लांबवर ते तळहाताएवढं झालेलं असतं, पुढं बोटाएवढं, आणि त्या बोटाचं नख कुठल्या बाजूला हे ओळखायचं असतं. सगळा छंद हातांचा वाटतो, पण तो डोळ्यांचा आहे.

आणि माझं विमान गेल्या वर्षभरापासून आभाळात विरघळायला लागलं होतं. चांगलं चाललेलं असायचं, आणि एकदम नाही. मग दोन सेकंदांनी भलतीकडंच असायचं, किंवा तुरीत. मी बॅटरीला दोष दिला, सिग्नलला दिला, शेपटीचं पातं हलवणारी काडेपेटीएवढी मोटर असते तिला दिला, अशा चार मोटरी बदलल्या. रस्त्यानं चालताना उजवीकडून येणारी म्हैस शेवटच्या क्षणी उगवायची, तेव्हा म्हशीला दोष दिला.

घारीनंतर मात्र मी गुपचूप सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर काढून येतो. बसमध्ये तुळजापूरच्या घाटात मी देवीला हात जोडले आणि मोतीबिंदू मागितला. खरंच मागितला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचं झालंय, आठ दिवस काळा चष्मा घालून लोक पुन्हा पेपर वाचतात. देवीकडं लोक काय काय मागतात. मोतीबिंदू मागणारा बहुतेक मी पहिलाच.

दवाखान्यात मला एका अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या पातेल्यात तोंड घालावं तशा यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला आतून बरं वाटलं. बटणं दाबण्यात अठरा वर्षं गेली होती. पहिले चार-पाच ठिपके मी पटापट मारले. मग ठिपके यायचे थांबले. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं मी शेजारच्या मुलीला म्हणालो, मशीन बंद पडलं वाटतं.

“काका, चालू आहे,” ती म्हणाली.

ती हळू बोलली. पुढं काही सांगायची गरजच नव्हती. तरी डॉक्टरांनी सांगितलं. मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, उजवा जास्त गेलाय, डावा त्याच्या मागं निघालाय. गेलेली नजर परत येत नसते, राहिलेली राखायची, रोज सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे. मी विचारलं, लांबचं काही बघायचं काम असेल तर? ते म्हणाले, कसलं काम? विमान, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरसमोर तो शब्द फार हलका वाटला. मी म्हटलं, असंच, शेतातलं. मला शेत नाही.

घरी येऊन सांगितलं, नंबर वाढलाय.

थेंबांची बाटली मी माझ्या हत्यारांच्या डब्यात लपवली. त्या डब्याला बायको हात लावत नाही, कारण तिच्या मते त्यात हात घातलेला माणूस चिकटून बसतो. तेही खरं आहे. थेंबांची बाटली आणि झटकन चिकटणाऱ्या गोंदाची बाटली शेजारी-शेजारी उभ्या होत्या, दोन्ही सारख्याच उंचीच्या, दोन्हींची टोपणं पांढरी. एका संध्याकाळी मी डबा उघडा टाकून हात धुवायला गेलो. परत आलो तर ती दोन हातांत दोन बाटल्या धरून उभी. ती अंगणवाडी सेविका आहे, औषधाच्या बाटलीवरचं जवळ धरून बारकाईनं वाचायची तिला सवय. तिनं दोन्ही वाचल्या होत्या.

“हे डोळ्यात आणि ते पंखात,” ती म्हणाली. “एवढं तरी ओळखू येतंय ना?”

मग मला सगळं सांगावं लागलं. ती रडली-बिडली नाही. तिनं थेंबांची बाटली देवघरात नेऊन ठेवली आणि रोज दोन्ही वेळा स्वतः टाकायला लागली. टाकताना माझी पापणी असली ओढायची की वाटावं, पापणीचाच दोष आहे.

शहाण्या माणसानं इथं थांबायला पाहिजे होतं. मी त्याच आठवड्यात आजवरचं सगळ्यात मोठं विमान करायला घेतलं. लहान दिसत नाही तर मोठं करावं, हा माझा हिशेब. बहिरा माणूस समोरच्याला मोठ्यानं बोला म्हणतो, तसं मी आभाळाला सांगत होतो. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट. वरून पांढरा, खालून काळे पट्टे. मनाशी एवढंच ठरवलं होतं की हे एकदा उडवायचं, व्यवस्थित चाकांवर उतरवायचं, आणि मग सगळं बांधून माळ्यावर टाकायचं. अठरा वर्षांत माझी विमानं पडली होती, आपटली होती, झाडात अडकली होती, एक तर लग्नाच्या मांडवावर जाऊन बसलं होतं. पण जमिनीला चाकं टेकून, हळूहळू पळून, आपणहून थांबलेलं असं एकही नव्हतं. डोळे जायच्या आत तेवढं एकदा बघायचं होतं. माणसं काशीला जायचं ठरवतात, तसं.

करताना कळायला लागलं की डोळे जातात म्हणजे काय होतं. कापलेली रेघ सरळ वाटायची, हात फिरवला की वाकडी लागायची. तीन वेळा पंख काढून जोडला. टेबलावर ठेवलेला स्क्रू टेबलावरच असायचा आणि मी जमिनीवर गुडघे टेकून शोधत असायचो. बायको यायची, स्क्रू उचलून माझ्या तळहातावर ठेवायची आणि निघून जायची. पूर्वी ती टोमणे मारायची. ती टोमणे मारायची थांबली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

संक्रांतीनंतर एक दिवस वाण-वसा आवरता आवरता तीच म्हणाली की बघायचं काम ती करेल, मी फक्त हात हलवायचे. आजवर ती माळावर एकदाही आली नव्हती. मी म्हटलं, तुला उजवं-डावं सांगता आलं पाहिजे, तेही विमानाचं. ती म्हणाली, अंगणवाडीतल्या तीस पोरांना एका वेळी सांगते, तुमचं एक विमान काय घेऊन बसलात.

आम्ही गच्चीवर सराव सुरू केला. ती बिनपंखांचं विमान दोन्ही हातांत धरून गच्चीभर फिरायची, मी डोळे मिटून रिमोट घेऊन उभा; मी दाबेन तसं शेपटीचं पातं हलायचं आणि ती त्या बाजूला वळायची. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू हातातलं काम सोडून बघत राहायच्या. अडचण वेगळीच निघाली. बायको सोनारीकडची. तिच्या माहेरी उजवं-डावं हा प्रकारच नाही. सगळं उगवतीला आणि मावळतीला. तिथं पंगतीत बसलेल्या माणसालासुद्धा ‘जरा मावळतीला सरका’ म्हणतात, आणि तो बरोबर सरकतो. घरात ती शहराच्या रीतीनं उजवं-डावं म्हणायची, पण विमान हातात घेऊन दोन फेऱ्या मारल्या की तिचं तोंड माहेरी जायचं. “उगवतीला घ्या, अहो उगवतीला.” मी घाम पुसत हिशेब करायचो: तोंड उत्तरेला, म्हणजे उगवती माझ्या उजव्या हाताला, विमान लांब चाललंय तर उजवं दाबायचं, येत असलं तर डावं.

आठ दिवस आम्ही भांडलो. मग मीच हरलो आणि ठरवलं की माळावर तोंड कायम उत्तरेला ठेवायचं. तिनं फक्त दोन शब्द सांगायचे: चाललंय की येतंय, आणि उगवती की मावळती. उजवं-डावं मी करून घेईन. हे जमायला लागलं. इतकं जमायला लागलं की फेब्रुवारीत मी डोळे मिटून, गच्चीवरच्या गच्चीवर, विमान पाण्याच्या टाकीला वळसा घालून चटईवर उतरवलं. ती चटईवर बसून हसली. लई दिवसांनी हसली.

होळीच्या आधीचा रविवार ठरवला. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती, सकाळी वारा नव्हता. स्कूटी तिनं चालवली, कारण म्हशींनंतर माझी स्कूटर तिनं बंद केली होती. मागं मी, मांडीवर विमानाचं धड, आणि पाच फुटी पंख आडवा धरलेला. रस्त्यात दोघांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे? खालून काळे पट्टे मारले होते तरी एका बाजूला ‘शुभेच्छुक’ वाचता येत होतं.

माळावर मामा होताच. त्यानं विमान बघून फक्त “लई थोर हाय” म्हटलं आणि मेंढरं बाजूला घेऊन बांधावर जाऊन बसला. मी तोंड उत्तरेला करून उभा राहिलो. ती माझ्या उजव्या खांद्यामागं. तिनं पदर खोचला. मी मोटर सोडली, विमान खडबडत पळालं आणि त्याचा आवाज एकदम सुटा झाला. उडालं हे मला आवाजावरून कळलं.

पहिली फेरी मला अधूनमधून दिसली. पांढरं काहीतरी, मग काही नाही, मग पुन्हा पांढरं. तिचं चालू होतं. “चाललंय. मावळतीला घ्या. हां. वळलं. येतंय, येतंय. उगवतीला.” मी दाबत होतो. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा त्याची सावली अंगावरून सरकली, आणि मी इतका खूश झालो की तिला म्हटलं, नमस्कार कर.

दुसऱ्या फेरीत मला ते दिसेनासं झालं. पूर्ण दिसेनासं. पण या वेळी मी घाबरलो नाही. आजवर विमान दिसेनासं झालं की मी दोन्ही दांड्या वाटेल तशा फिरवायचो. या वेळी मागं तिचा आवाज होता. “चाललंय. उगवतीला. बास. आता येतंय. जरा मावळतीला.” न अडखळता, न ओरडता. मी डोळे मिटूनच घेतले. आणि काय सांगू, मला ते विमान दिसायला लागलं. काळे पट्टे, पांढरी पाठ, वळताना एका अंगावर कललेलं, सगळं स्वच्छ. वर्षभरात असं दिसलं नव्हतं. माझे अंगठे तिच्या शब्दावर आपोआप जात होते, हिशेब करावाच लागत नव्हता. विमानाचा आवाज ऐकू येत नव्हता, पण हमरस्त्यानं ट्रक चालले होते आणि मी समजलो, उंच गेलंय. मनात आलं, डोळे गेले तरी चालेल. खरंच हे शब्द आले. हे असं असेल तर आपण आणखी दहा वर्षं उडवू. ती सांगेल, मी दाबेन.

चार मिनिटं अशी गेली. त्या चार मिनिटांत मी जितका सुखी होतो तितका नोकरी लागली तेव्हाही नव्हतो.

मग रिमोटनं पीं पीं केलं. बॅटरीची वेळ भरली.

“उतरवू या,” मी म्हटलं. “कुठं आहे?”

ती एक पाऊल पुढं सरकली. मला वाटलं, नीट बघतेय. चाकं टेकायची म्हणजे घाई नको. मी पुन्हा विचारलं, येतंय की चाललंय? ती म्हणाली, थांबा जरा. तिचा आवाज बदलला होता, पण मी माझ्याच नादात. मी गुडघे वाकवून, मान खाली घालून, उतरवायच्या तयारीत उभा राहिलो.

बांधावरून मामा चालत आला. त्याची काठी खडकावर वाजत होती. तो जवळ येईपर्यंत आम्ही दोघंही तसेच उभे.

“सायेब, आता काय उडवताय?” त्यानं विचारलं. “इमान तर कवाच पल्याड गेलं, रामलिंगच्या झाडीकडं. मला वाटलं, तुमीच धाडलं.”

मी मागं वळून बघितलं. बायको आभाळाकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

आम्ही तिघं ऊन चढेपर्यंत हिंडलो. मामानं बोट दाखवलं त्या अंगाला दोन माळ ओलांडले, एका ओढ्यात उतरलो, बाभळी हलवून बघितल्या. पुढं जंगल सुरू होतं. मामा म्हणाला, तिकडं माकडं हायती, त्यांना घावलं असंल तर पंख शाबूत न्हाय. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुन्हा जाऊन आला. काही नाही. पाच फुटांचं पांढरं विमान, आजवरचं सगळ्यात मोठं, ते जमिनीला टेकताना बघायला मी होळीपर्यंत जीव धरून बसलो होतो. ते टेकलं की नाही, कुठं टेकलं, हे मला कळणार नाही. त्याहून वाईट वाटलं ते त्या चार मिनिटांचं. ज्याला मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उड्डाण म्हणालो असतो, ते आभाळात कुठंच नव्हतं. मी मोकळ्या माळावर डोळे मिटून अंगठे हलवत उभा होतो, आणि आता मला दुसरं काही येणारही नाही.

त्या रविवारी परत निघताना मी रिमोट पिशवीत घातला. ती स्कूटीजवळ उभी होती, किल्ली हातात, पण लावत नव्हती. मी विचारलं, तुला कधीपासून दिसत नव्हतं? ती म्हणाली, दुसऱ्या फेरीपासून. आत्ता दिसेल, आत्ता दिसेल म्हणून अंदाजानं सांगत गेले, आणि मग तुमचं तोंड असं झालं होतं की थांबा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

माझा राग उफाळून आला. चार महिन्यांचा सगळा राग, डॉक्टरचा, त्या यंत्रातल्या ठिपक्यांचा, म्हशींचा. मी म्हटलं, एवढं मोठं विमान, अगं, दिसत नव्हतं तर आपणहून पुढं कशाला झालीस? तुला लांबचं दिसत नाही हे मला आधी सांगता येत नव्हतं?

तिनं किल्ली लावली, पदर खोचला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “दिवाळीपासून घरात डोळ्यांशिवाय दुसरा विषय नाही. ते सगळे डोळे तुमचेच. माझ्या डोळ्यांचं एकदा तरी विचारलंत?”